कुकर घेतला म्हणून मत विकलं?

आज सकाळी बेळगावच्या टिळकवाडीत भाजी घेताना आमच्या अपार्टमेंटमधले एक काका भेटले. विषय निवडणुकीचा. म्हणाले, "खेड्यातली माणसं कुकरवर मत देतात हो, म्हणून आपलं हे असं झालंय." मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून नुसती हसले. दिवसभर त्या हसण्याचाच राग येतोय, म्हणून इथं लिहिते.

माझी आत्ती मार्कंडेय नदीकाठच्या गावात राहते. 10 मे 2023, विधानसभेचं मतदान. कडक ऊन. गुडघे दुखतात म्हणून ती चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर बसून केंद्रावर गेली आणि दीड तास रांगेत उभी राहिली. त्या आठवड्यात तिच्या घरी एका उमेदवाराकडून कुकर आला होता, दुसऱ्याकडून साडी. मी चिडून विचारलं, "आत्ती, घेतलंस कशाला?" म्हणाली, "घेऊ नको तर काय करू गे? आमच्याच पैशातलं हाय ते. कुकर गॅसवर ठेवायचा, मत आपल्या मनात ठेवायचं."

आणि काका त्या दिवशी कुठं होते? आंबोलीला! सुट्टी मिळाली ना. संध्याकाळी धबधब्यापाशी काढलेला जुना फोटो स्टेटसला, वर 'लोकशाहीचा उत्सव'. मे महिन्यात आंबोलीला कुठला आलाय धबधबा?

बेळगाव शहराच्या दोन मतदारसंघांत किती मतदान होतं आणि तालुक्यातल्या गावांत किती, ते एकदा शेजारी ठेवून बघा. 2021 ला महापालिकेसाठी जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिलं. पाणी, गटार, रस्ता यांवर आपण रोज तावातावानं बोलतो, त्याच महापालिकेसाठी. 58 पैकी 35 जागा भाजपला गेल्या. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून लढणारी आपली महाराष्ट्र एकीकरण समिती दोनचार जागांवर आली. मग 'मराठी माणूस संपला' म्हणून रडलो. ज्यांना पक्ष हवा होता त्यांनी पक्षाला दिलं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण घरात बसलेल्यांशी आहे.

बरं, गावातही सगळं सोवळं नाही, मान्य. भावकी बघून मत पडतं, गल्लीतला पुढारी सांगेल तसं पडतं. आणि समितीला 2013 ला दोन आमदार मिळाले, 2018 आणि 2023 ला एकही नाही, त्यात खेड्यांचीही मतं फिरलीच. दुफळी कुणी केली ते आपण सगळे जाणतो, पुढं बोलत नाही.

पण आत्तीला 1996 ची लोकसभा आठवते. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून बेळगावातून ढिगानं अर्ज भरले होते, 456 उमेदवार! अनामत तेव्हा 500 रुपये होती, त्यानंतर ती 10 हजार झाली. आमच्या गावातल्या दोघांनी म्हशीच्या दुधाचे पैसे साठवून अर्ज भरला होता, असं ती सांगते. मतपत्रिका कसली, वहीच ती! आत्तीला आपलं चिन्ह सापडेना, मागच्या बाया ओरडायला लागल्या, तरी ती हलली नाही. सापडलं तेव्हा शिक्का मारून बाहेर आली. या बाईला काका 'कुकरवाली' म्हणतात.

आता माझंही सांगते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. 2021 ला मीही गेले नव्हते. सप्टेंबरचा पाऊस होता, केंद्र दोन गल्ल्या पलीकडं होतं. आत्तीचा दुपारी फोन आला, "दिलंस काय गे?" मी हो म्हणून ठोकून दिलं. तिनं परत विचारलं नाही. शाई बघायला ती काय फोनमधून येणार होती?

मघाशी तिला फोन करून खरं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "रविवारी ये. आणि येताना त्या कुकरचं रबर घेऊन ये, शिट्टीच होईना झालीय त्याची."