भुतांची यादी लॉबीत लावली आहे

न्यूयॉर्कमधल्या पुष्कळ उंच इमारतींना तेरावा मजलाच नसतो. लिफ्टमध्ये बाराच्या बटणानंतर थेट चौदा. आकडा अशुभ, उगाच विषाची परीक्षा कशाला! एवढी ही भित्री इमारत. पण ऑक्टोबर संपत आला की तीच लॉबीत एक कागद लावते आणि विचारते, ‘३१ तारखेला संध्याकाळी कोणाकोणाकडे भुतं पाठवू?’

आम्ही क्वीन्समध्ये, लाँग आयलंड सिटीच्या अशाच एका टॉवरमध्ये राहतो. ३१ ऑक्टोबरचं हॅलोविन म्हणजे पोरांनी भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा सण. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या माझ्या मित्राचं हॅलोविन सोपं असतं. तिथे सुटी घरं, पुढे हिरवळ. ज्याच्या दारातला दिवा चालू, तो खाऊ देणार. दिवा बंद असला की पुढचं घर. पोरं पिशव्या नाचवत हिंडतात आणि बाप कॉफीचा पेला घेऊन मागून रमतगमत येतो. आमच्या दाराबाहेर दिवा नाही, गल्ली नाही, आणि खाली डोअरमन बसलेला. भूत झालं तरी त्याला विचारल्याशिवाय वर सोडणार नाही. म्हणून हा कागद. ज्याला पोरं आलेली चालतील त्याने आपल्या घराचा नंबर लिहायचा. वेळ पाच ते आठ. डोअरमन त्याच्या प्रती काढतो आणि ज्या त्या भुताच्या हातात ठेवतो.

ही यादी वाचनीय असते. वर्षभर लिफ्टमध्ये ‘गुड मॉर्निंग’लासुद्धा न बधणारा माणूस पहिल्याच दिवशी ठळक अक्षरांत नंबर लिहितो. एरवी गोड बोलणारे शेजारी मात्र नेमके त्याच संध्याकाळी बाहेर जेवायला जातात. त्यांच्यातले काही नंबर लिहून, दाराबाहेर खाऊची परडी ठेवून जातात. परडीवर चिठ्ठी : ‘कृपया एकच घ्या.’ ती वाचता येण्याच्या वयाचं पहिलं पोर येतं तेव्हा परडीत चिठ्ठीच उरलेली असते.

यादी हातात पडली की डावपेच सुरू. सगळ्यात वरच्या मजल्यावर लिफ्टने जायचं आणि जिन्याने खाली उतरत यायचं, ही युक्ती प्रत्येक आईबापाला आपलीच वाटते. त्यामुळे पाच वाजता अख्खी इमारत वर निघते. त्यात हल्ली हवा भरलेल्या डायनासोरची टूम. कमरेला पंखा, वर सहा फुटी रबरी धूड. एका लिफ्टमध्ये डायनासोर फार तर दीड मावतो. ‘हवा काढ, हवा काढ!’ असं त्याचा बाप ओरडतो, आतून ‘नो!’ येतं, आणि दार तिसऱ्यांदा उघडतं. या सगळ्यात एक परी, दोन स्पायडरमॅन आणि मी, असे भिंतीला चिकटून वर जातो. पुढे जिना. जिन्याची दारं आग अडवण्यासाठी केलेली, म्हणजे ओढताना खांद्यातून आवाज येणारी. अडतिसाव्यावर दोन घरं, मग एकदम चौतिसाव्यावर एक, तेही कॉरिडॉरच्या पार टोकाला. मुलं पायऱ्या उड्या मारत उतरतात. मागे पालकांचे गुडघे बोलू लागतात.

यातून सुटायचं म्हणून शहरातले लोक नाना वाटा काढतात. काही जण मुलांना दुकानादुकानांतून फिरवतात. लाँड्रीवाला, औषधवाला, न्हावी, सगळ्यांच्या गल्ल्यावर वाडगा असतो. घरांचा दलाल चॉकलेटसोबत आपलं कार्डही देतो. ब्रुकलिनच्या जुन्या दगडी घरांचे मालक पुढच्या पायऱ्यांवरच टोपली मांडीवर घेऊन बसतात. मॅनहॅटनमध्ये सेंट्रल पार्कजवळच्या ६९व्या रस्त्यावर तर सजावट अशी की रहदारी बंद ठेवावी लागते. एका वर्षी हौसेने तिथे गेलो. गणेशोत्सवात दगडूशेठसमोरून गर्दी जशी आपल्याला उचलून पुढे नेते, तसं झालं. प्रसाद मात्र हाती लागला नाही. ग्रेनिच व्हिलेजची प्रसिद्ध मिरवणूकही अशी घरगुतीच सुरू झाली होती. १९७४ साली राल्फ ली नावाचे मुखवटे बनवणारे कलावंत आपली मुलं आणि शेजारीपाजारी घेऊन गल्लीतून निघाले. आता त्या मिरवणुकीला सिक्स्थ अॅव्हेन्यू पुरत नाही. मुलांना घेऊन चार घरं हिंडायला निघालेल्या बापाचं काय होऊ शकतं, ते पाहा.

२०२४ साली खरी परीक्षा झाली. आई पुण्याहून आली होती. तिच्या कालनिर्णयात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, पण अमावास्या न्यूयॉर्कच्या घड्याळाने ३१ च्या सकाळीच लागली, म्हणजे पूजा त्याच संध्याकाळी. बायकोने आमचा नंबर यादीत केव्हाच लिहून टाकला होता. ती मुलीला घेऊन वर गेली. पूजेला आणि दाराला मी.

“तिन्हीसांजेला दार लावायचं नाही रे, लक्ष्मी येते,” आई म्हणाली. दार उघडं ठेवलं. बाहेर रांगोळी आणि बॅटरीवरच्या पणत्या, कारण कॉरिडॉरमध्ये खऱ्या पणत्या लावल्या तर अग्निशामक दल आधी येईल. सजावट पाहून यादीत नसलेल्या मजल्यांवरचीही पोरं आली. आरतीची पहिली ओळ म्हटली की सांगाडा. दुसरी म्हटली की शार्क.

आईने चकल्या द्यायला घेतल्या. मी हात धरला. घरी केलेलं चालत नाही, कंपनीचं बंद वेष्टन लागतं.

“म्हणजे माझ्या हातचं नको, आणि कारखान्यातलं चालतं?”

उत्तर द्यायच्या आत दारात एक चिमुकली चेटकीण उभी राहिली. काळी टोपी, हिरवं नाक, आणि हातात झाडाच्या काटक्यांचा खराखुरा झाडू. आई आठवडाभर पूजेला केरसुणी मिळाली नाही म्हणून हळहळत होती. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरला कुंकू लावायला ती तयार नव्हती. तिने चेटकिणीच्या हातून झाडू अलगद घेतला, पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, नमस्कार केला. मग चेटकिणीलाही कुंकू लावलं. तिची आई हरखली. मागच्या झाँबीला हे रक्त फारच पसंत पडलं, त्याने कपाळ पुढे केलं, आणि थोड्याच वेळात कॉरिडॉरमध्ये कुंकवासाठी रांग लागली.

“उद्याच्या सुट्टीबद्दल थँक्यू हं,” चेटकिणीची आई जाताना म्हणाली. शहराच्या सरकारी शाळा त्या वर्षी पहिल्यांदाच दिवाळीसाठी १ नोव्हेंबरला बंद होत्या, आणि ती सुट्टी आईनेच मंजूर केली असावी असा तिचा समज दिसला.

साडेसातला चॉकलेटं संपली. आईने प्रसादाचे बत्तासे छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केले. “वेष्टन झालं ना?” एका व्हँपायरच्या वडिलांनी पिशवी उजेडात धरून विचारलं, यात शेंगदाणे आहेत का, दूध, गहू, अंडं?

“सांग त्यांना,” आई म्हणाली, “नुसती साखर आहे.”

ते ऐकून डायनासोर हवा काढून दुसऱ्यांदा रांगेत आला.