सैतान बाटलीत उतरवताना

बिर्याणीपेक्षा साधं वरण बिघडवणं सोपं. बिर्याणीत चूक झाकायला मसाले असतात. वरणात डाळ, मीठ, हिंग आणि तुम्ही. डूव्हल ही बेल्जियमची बिअर असंच वरण आहे, फक्त साडेआठ टक्के अल्कोहोलचं; आणि तिची घरी नक्कल करायची आहे. पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेले फिकट जव), साखर, दोन जातींचे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट, पाणी. यादी वाचून वाटतं, एका रविवारी होऊन जाईल. होतं ना! कुठल्या महिन्यातल्या रविवारी, एवढंच विचारू नये.

ब्रेनडाँकच्या मूर्टगाट ब्रुअरीने पहिल्या महायुद्धानंतर हिला ‘व्हिक्टरी एल’ असं भारदस्त नाव दिलं होतं. चाखणाऱ्या एकाने ‘हा तर खरा सैतान’ म्हटलं आणि १९२३मध्ये तिथल्या बोलीतला सैतान, म्हणजे डूव्हल, हेच नाव पडलं. (मी इंग्लंडातल्या स्वयंपाकघराबद्दल लिहितोय. इथे घरापुरती बिअर करायला १९६३पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे; तिथल्यांनी हे नुसतं वाचावं.)

वीस लिटरसाठी पाच किलो माल्ट. भरडलेला माल्ट गरम पाण्यात कालवल्यावर तापमान ६४-६५ अंश भरलं पाहिजे आणि दीड तास तिथंच राहिलं पाहिजे. ६८वर गेलात तर यीस्टला न पचणारी साखर उरते आणि सैतानाऐवजी गोडमिट्ट काढा मिळतो. थर्मामीटर दोन अंशांनी खोटं बोलतं, हे बहुतेकांना काढा प्यायल्यावर कळतं.

मग चोथा गाळून दीड तास उकळी, झाकण न ठेवता. गॅस वाचवायचा मध्यमवर्गीय मोह इथे आवरावा. झाकलेल्या पातेल्यातून बिअरला उकडलेल्या कोबीचा वास लागतो. पहिल्या उकळीला फेस असा वर येतो की दूध उतू गेलेलं परवडलं. दूध पुसता येतं. हे शेगडीला काकवीसारखं धरून बसतं. फेस बसला की ६० ग्रॅम स्टिरियन गोल्डिंग हॉप्स (पाच टक्के अल्फाचे, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या आम्लाचे) तासभर, २० ग्रॅम साझ हॉप्स शेवटच्या पंधरा मिनिटांना.

साखर ८०० ग्रॅम, साधी पांढरी. महागडी कँडी शुगर घेऊन फक्त दुकानदार सुखी होतो. ही साखर पहिल्या दिवशी घालू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी श्रीखंड वाढलं की पोळीभाजीकडे कोण बघतं? यीस्टचंही तसंच. तीन-चार दिवस माल्ट खाऊ द्यावा, मग थोड्या पाण्यात उकळून गार केलेला पाक ओतावा.

यीस्ट वायीस्ट १३८८ किंवा व्हाइट लॅब्ज ५७०. घरी बिअर करणारी मंडळी दोन्हींना डूव्हलच्याच घराण्यातलं मानतात. एका पाकिटावर भागत नाही. यीस्ट वाढवून केलेलं दोन लिटरचं विरजण आधी तयार हवं. सुरुवात १८ अंशांवर, मग पाच-सहा दिवसांत हळूहळू २६पर्यंत. पहिल्याच दिवशी २६ केलंत तर नेलपॉलिशचा वास आणि सकाळी डोकं. शेवटी गारवा लागू दिलात तर यीस्ट १.०१५ घनतेच्या आसपास रुसून बसतं (पाण्याची घनता १.०००; साखर संपते तसा आकडा उतरतो). बादलीची गुडगुड थांबते आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, “झालं की! भर आता.”

भरू नका. हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) १.००७च्या जवळपास यायला हवा आणि तीन दिवसांनी तोच आकडा दिसायला हवा. त्यावरचा प्रत्येक अंक (०.००१) बाटलीत साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस वाढवतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस), आणि डूव्हलला मुळातच चारेक व्हॉल्यूम लागतो. सात-आठ अंक शिल्लक असताना बूच लावलं तर कपाटात दिवाळी. साध्या बाटल्या चारलाही टिकत नाहीत; जाड काचेच्या बुटक्या बेल्जियन बाटल्याच घ्याव्यात.

बाटल्या भरण्याआधी तीन-चार आठवडे शून्य अंशाजवळ. म्हणजे वीस लिटरची बादली फ्रिजमध्ये, आणि भाजी, दूध व घरातली शांतता यांची सोय अन्यत्र. थंडीत बहुतेक यीस्ट तळाला बसतं, म्हणून भरताना दोन ग्रॅम ताजं कोरडं यीस्ट आणि गॅससाठी २४० ग्रॅम साखर. ती सगळीकडे सारखी मिसळावी, नाहीतर एक बाटली मुकी आणि शेजारची छतापर्यंत. मग ब्रुअरीसारखेच दोन आठवडे २४ अंशांवर आणि सहा आठवडे गारठ्यात.

नक्कल जमली का, हे बघायची एकच प्रामाणिक रीत: तीन सारखे ट्यूलिप ग्लास, दोहोंत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि डोळे झाकून वेगळी ओळखायची. त्यासाठी अस्सल डूव्हलच्या सहा बाटल्या पहिल्याच दिवशी आणून ठेवतात. तीन-साडेतीन महिन्यांनी त्यांतली एकही शिल्लक नसते.