अंगणातला मिमोसा : फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

ऊन तापू लागले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि बागप्रेमींच्या गटांत एक मजकूर फिरू लागतो. वर गुलाबी, रेशमी झुबक्यांनी लगडलेल्या झाडाचा फोटो आणि खाली सल्ला : अंगणात मिमोसा लावा, म्हणजेच आपला शिरीष किंवा रेन ट्री. तीन वर्षांत दाट सावली. पाणी घालायला नको. मुळे सरळ खाली जातात, भिंतीला धोका नाही. जमीन सुपीक होते. पाने मिटली की पाऊस येणार हे कळते. रात्रीसुद्धा प्राणवायू मिळतो. बी पडून फुकट रोपे उगवतात. आणि नको झाले तर केव्हाही तोडून टाका.

हे वाचून माणसे खरोखर खड्डे खणतात, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवे. माझा झाड लावण्याला विरोध नाही. पण भलत्या जागी लावलेल्या झाडावर पुढे कुऱ्हाड चालते, आणि तेव्हा दोष झाडालाच दिला जातो. ते मला बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच ओळीत आहे. मिमोसा, शिरीष आणि रेन ट्री ही तीन वेगळी झाडे आहेत. फोटोतले झाड अल्बिझिया जुलिब्रिसिन. ते इराणपासून जपानपर्यंतच्या पट्ट्यातले, आपल्याकडे हिमालयाच्या उतारांवरचे. फिलिप्पो अल्बिझ्झी या फ्लॉरेन्सच्या सरदाराने १७४९च्या सुमारास ते युरोपात नेले, आणि अमेरिकेत लोक त्याला मिमोसा म्हणू लागले. वनस्पतिशास्त्रातल्या खऱ्या मिमोसा प्रजातीत आपली लाजाळू येते. आपला शिरीष म्हणजे अल्बिझिया लेबेक, इथल्याच मातीतला. रेन ट्री, म्हणजे विलायती शिरीष, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला. भावकी एक, पण अंगकाठी अगदी वेगळी. जुलिब्रिसिन साधारण ६ ते १२ मीटरवर थांबतो. शिरीष २० मीटरच्या पुढे जाऊ शकतो. रेन ट्री मोकळ्या जागेत उंचीपेक्षा रुंदीला जास्त वाढतो, त्याचा विस्तार ३० मीटरपर्यंत जातो. म्हणजे जवळजवळ शंभर फूट! सहकारनगर किंवा एरंडवण्यातल्या बहुतेक बंगल्यांचा अख्खा प्लॉटसुद्धा तेवढा रुंद नसतो.

नर्सरीतून रोप आणताना नाव विचारून भागत नाही, पाने बघा. जुलिब्रिसिनच्या पर्णिका, म्हणजे पानातली छोटी पाने, अगदी बारीक, जेमतेम एक-दीड सेंटिमीटरच्या आणि एकेका काडीवर वीस-तीस जोड्या. पान पिसासारखे दिसते. रेन ट्री आणि शिरीष यांच्या पर्णिका चांगल्या मोठ्या, दोन ते चार सेंटिमीटरच्या, आणि मोजक्या जोड्यांच्या असतात. फोटो पहिल्याचा आणि हातात रोप दुसऱ्याचे, असे झाले तर पुढचे सगळे हिशेब चुकतात. शिवाय जुलिब्रिसिन हे कडक थंडी पचवणारे, थंड हवेच्या मुलखात रमणारे झाड. पुण्याच्या मेमध्ये ते फोटोसारखे बहरेल याची हमी मजकूर लिहिणाऱ्याने कशाच्या आधारावर दिली?

‘तीन वर्षांत सावली’ हे अर्धे खरे आहे. ही झाडे झपाट्याने वाढतात. पण त्या वेगाची किंमत असते. जुलिब्रिसिनच्या फांद्या ठिसूळ असतात आणि झाडाचे आयुष्यही कमीच. त्याला फ्युजेरियम बुरशीचा मर रोग होतो. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात तो ध्यानात आला आणि आजही तिथे उभी झाडे सुकवतो. रेन ट्रीचे दुखणे निराळे. त्याच्या आडव्या पसरलेल्या जड फांद्या आणि आपल्याकडचा वळीव यांचे जमत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरते, अर्धा तास वारा सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यांवर काय पडलेले असते ते पुण्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा. मोठ्या रस्त्याच्या कडेला निदान फांदी पडायला जागा असते. अंगणात तिच्याखाली गाडी असते, गच्चीवरची टाकी असते, विजेची तार असते, मुले असतात. मुंबईत गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीने कितीतरी जुने रेन ट्री वाळले. वाळलेली फांदी तर वाऱ्याचीही वाट पाहत नाही.

शिरीष दाट सावली देतो हे खरे. पण हिवाळ्याच्या अखेरीला तो पानगळ करून उघडा होतो आणि वाळक्या शेंगा खुळखुळत राहतात. मला तो आवाज आवडतो, शेजाऱ्यांना आवडेलच असे नाही.

पाण्याचे थोडक्यात सांगतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर. पुढचे सात-आठ महिने बहुतेक कोरडे. मोठे झालेले झाड ते काढते, नवे रोप नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन लागतेच.

मुळांबद्दलचे विधान मात्र धोकादायक आहे. सोटमूळ खाली जायला खाली माती हवी. पुण्यात कितीतरी ठिकाणी दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ. मग मुळे आडवी पसरतात. धडधाकट पाया मुळे फोडत नाहीत, ही भीती फुगवलेली आहे. पण फरशी उचलणे, कंपाउंडची हलकी भिंत कलंडवणे, ड्रेनेजच्या तडकलेल्या पाइपात शिरणे हे सगळे ती करतात. रेन ट्रीची मुळे तर जमिनीवरच फुगून येतात.

जमीन सुपीक होते यात तथ्य आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. पण तो आधी झाडाच्याच कामी येतो. मातीला मिळतो तो गळलेल्या पानांतून आणि कुजलेल्या मुळांतून. रोज सकाळी अंगण झाडून पाला कचऱ्याच्या गाडीत टाकणाऱ्या घराला त्यातले फारसे काही मिळत नाही. रात्रीच्या प्राणवायूचे तर काहीच खरे नाही. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो. रात्री झाड फक्त श्वसन करते.

आणि पाने मिटणे? देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींमधले पाणी कमी-जास्त झाले की पान मिटते-उघडते. आभाळ भरून आले तरी ती मिटतात, पण कोरड्या मार्चमध्येही रोज संध्याकाळी मिटतातच. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध झाला : मिटणाऱ्या पानांचे रोप अंधारात ठेवले, तरी पाने आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. वनस्पतीला आतले घड्याळ असते याचा हा पहिला पुरावा. पावसाच्या अंदाजापेक्षा ही गोष्ट किती विलक्षण आहे!

फुकटच्या रोपांचे आमिष वाचून वाईट वाटले. अमेरिकेच्या आग्नेय भागात जुलिब्रिसिन बागांतून निसटून रानभर झाला आहे. त्याचे टणक कवचाचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. याच भावकीतली सुबाभूळ जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत आहे. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्प या बाहेरून आणलेल्या झाडाने किती जागा बळकावली ते वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे रोज बघतात. तेही चांगल्या हेतूनेच लावले होते.

‘केव्हाही तोडा’ हा सल्ला पाळला तर गुन्हा होईल. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. स्वतःच्या अंगणातले, स्वतः लावलेले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. हा कायदा मला मनापासून हवा आहे. म्हणूनच विचार लावण्याआधी करायचा. आज बंगला आहे, उद्या तिथे पुनर्विकास होईल, आणि प्लॉटच्या मधोमध उभा रेन ट्री आधी अडचण ठरेल.

गुलाबी झुबकेच हवे असतील तर कॅलिअँड्रा लावा, त्याला नर्सरीत पावडर पफ म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण झुडूपच. छाटून हवा तेवढा ठेवता येतो. इथलेच काही हवे असेल तर टेकड्यांवरची सिगमकाठी आहे, अर्धे फूल गुलाबी आणि अर्धे पिवळे. काटे असतात, म्हणून वाटेपासून दूर. लहान अंगणाच्या सावलीला आपटा किंवा बहावा पुरतो, पाण्याची सोय असेल तर तामण. शिरीष लावायचाच असेल तर घरापासून, तारांपासून आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून निदान दहा मीटर मोकळे सोडा. तेवढी जागा असेल तर जरूर लावा. पाऊस मुरून माती खोलवर ओली झाली की, जूनच्या अखेरीला.