परत तोच खड्डा, परत तीच कटकट

सांगलीच्या विश्रामबागेतनं गाडी घेऊन मिरजेकडं निघालो. खड्डा पाण्यानं भरलेला, दिसणार काय कपाळ! डावं चाक धाडकन आदळलं. तेव्हापासनं गाडी डावीकडं ओढतेय अन् बारक्या खडीवरनं गेलं तरी खालनं कट-कट. मिस्त्री बघायच्या आधीच म्हणतो, "साहेब, शॉकअपची जोडीच बदला." अरे, धक्के झेलणाऱ्या त्या शॉकअपवर गळलेल्या तेलाचा टिपूस नाही! शेवटी जॅक लावायला लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाक खालच्या दांड्याला जोडणारा गोल सांधा) नुसता खुळखुळा. लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनची बारकी जोडदांडी, तीही ढिली. दोन्ही बदलले, वर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ लावून घेणं (ते टाळलं की टायर एका बाजूनं झिजतो, मागच्या वर्षी शिकलोय). यंदाच्या पावसाळ्यातली ही दुसरी खेप. खड्ड्यात परवा मुरूम टाकला होता. कालच्या सरीत वाहून गेला.