‘अभ्यास सोपा करणार’ या मेसेजबद्दल खुलासा

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नव्या नियमानं समावेशक वर्ग येणार, सगळ्यांचाच अभ्यास सोपा करणार, हुशार मुलं मागे पडणार.’ हे खरं नाही. मी गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, काळजी समजते, म्हणून लिहिते.

समावेशक वर्गात, म्हणजे दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात त्या वर्गात, धडा तोच राहतो, त्याच्यापर्यंत पोचण्यातल्या अडचणी दूर करायच्या असतात. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा, पाठ घ्या. भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं का मिटतात आणि ओहोटीला का उघडतात, हे प्रत्येकाला कळायलाच हवं. कोणी ते लिहील, कोणी पुठ्ठ्याची मानस करून दाखवील, घरी कोकणी बोलणारी मुलगी आधी कोकणीतून सांगेल. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, की शेवटच्या बाकावरच्या मुलांनाही ते कळतं. यात हुशार मुलांचं काय जातं?

नियमही नवा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेप्रमाणे सोयी, हे कलम १६ मध्ये आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, अभ्यासक्रमात योग्य बदल, हे कलम १७ मध्ये. पण हे बदल दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजेसाठी आहेत, अख्ख्या वर्गाचा अभ्यास कमी करण्यासाठी नाहीत.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.