मुलगा, बाप आणि 'घराणेशाही': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. किर्गिझ दिग्दर्शक आक्तान आरिम कुबात यांच्यावरच्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आधी मुलाला हिरो केलं, मग स्वतःच हिरो झाले. १९९८ ते २०२२ मध्ये जेमतेम पाच मोठे चित्रपट, तेही परदेशी महोत्सवांसाठी खेड्यातली गरिबी दाखवणारे. यात भारावण्यासारखं काय?

आधी माझी चूक. त्यांच्या 'बेशकेम्पिर' या चित्रपटाला १९९८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवात 'रौप्य बिबट्या' हा पुरस्कार मिळाला, मी सुवर्ण लिहून गेलो. दुरुस्त केलंय.

पण 'घराणेशाही' हा आरोप मला मान्य नाही. मूल नसलेल्या नातलगांना आपलं मूल द्यायची रीत किर्गिझ लोकांत आहे. आक्तान स्वतः असेच दत्तक वाढले. 'बेशकेम्पिर'मधल्या पोराला आपण दत्तक असल्याचं मित्राशी झालेल्या मारामारीत कळतं, तो पार हादरतो. पुढे आजी जाते. मयताला जमलेल्या माणसांसमोर तो कोवळा पोरगा उभा राहतो आणि सांगतो, आजीचं कुणाचं देणं असेल तर ते मी फेडीन, तिचं कुणाकडे येणं असेल तर ते मी सोडलं. त्या दोन वाक्यांत तो त्या घराचा मुलगा होतो. बापाचं बालपण इथे जगतोय त्याचा सख्खा मुलगा, मिरलान. ही भूमिका आणखी कुणाला द्यायची होती?

आता स्वतः नायक होण्याबद्दल. २०१० च्या चित्रपटात ते स्वेत-आके आहेत, म्हणजे आपल्या भाषेत 'वीजदादा'. गावचा वायरमन, गरिबांची मीटरं मागे फिरवून देणारा. शेवटी मार खातो. 'सेंटॉर' या चित्रपटातला त्यांचा नायक रात्री दुसऱ्याचा घोडा पळवून, दोन्ही हात पंखांसारखे पसरून दौडतो, आणि गोळी खातो. मिरवायचं असतं तर माणूस असल्या भूमिका स्वतःसाठी लिहीत नाही.

आणि गरिबी परदेशी लोकांसाठी? राजधानी बिश्केकमध्ये एप्रिल २०१० ला सरकार उलथलं, त्यामागे भडकलेले वीजदर हेही एक कारण होतं. मीटरवाल्या वायरमनची गोष्ट पुढच्याच महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली. ते दुखणं घरचंच होतं. पैसा मात्र बाहेरून आणावा लागला, हे खरं. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथल्या सरकारी स्टुडिओत चित्रपट काढायला पैसाच उरला नव्हता. चित्रपटांची संख्या कमी असण्याचं मोठं कारण तेच आहे, आळस नव्हे.

'एसिम्दे' (२०२२) मिळाला तर जरूर बघा. रशियात कामाला गेलेला माणूस वीसहून अधिक वर्षांनी गावी परततो, स्मृती गेलेली, तोंडातून शब्द नाही. दिवसभर गावातला कचरा गोळा करत फिरतो. तो माणूस आक्तान. आणि त्याला सगळं आठवावं म्हणून धडपडणारा मुलगा म्हणजे 'बेशकेम्पिर'मधला तोच पोरगा, आता चाळिशीला आलेला.