वाळूज–शेंद्रा मेट्रोचा मेसेज: एकेक वाक्य घेऊन

संभाजीनगरच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, शहराच्या दोन टोकांच्या वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहती मेट्रोने जोडा म्हणणारा. "पुण्याला मेट्रो, नागपूरला मेट्रो, मराठवाड्याला ठेंगा! वाळूज ते शेंद्रा मेट्रो झालीच पाहिजे. पाच वर्षांत होते, खर्च तिकिटातून निघतो, जालना रोड मोकळा होतो. रेल्वेचा शहराला तसाही उपयोग नाही." शेवटी, खरे मराठवाडी असाल तर दहा जणांना पाठवा. मी पाठवला नाही. राग खरा आहे, पण रागाच्या भरात मागणी भलतीच होतेय.

"पाच वर्षांत होते." मुंबईची पहिली मेट्रो वर्सोवा ते घाटकोपर, अवघी 11.4 किलोमीटर. भूमिपूजन 2006 मध्ये, गाडी धावली जून 2014 मध्ये. पुण्यात पायाभरणी डिसेंबर 2016 ला झाली आणि स्वारगेट गाठायला सप्टेंबर 2024 उजाडलं. नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओची घोषणा 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातली. नाशिककरांना विचारा, बसले का त्यात?

"खर्च तिकिटातून निघतो." निघत नाही, आणि हे सरकारही धरून चालतं. केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणात प्रकल्प पास करताना 14 टक्के परतावा बघतात, तो गल्ल्यातला नव्हे. लोकांचा वाचलेला वेळ, इंधन, प्रदूषण असं सगळं धरून काढलेला तो आकडा असतो. त्याच धोरणात आधी बससकट बाकीचे पर्याय तपासून बघण्याची अटही आहे. मेसेजवाल्याने ती वाचलेली दिसत नाही.

आता "जालना रोड मोकळा होतो." शहराच्या या मुख्य रस्त्यापाशी जरा थांबू. मुकुंदवाडीत खोली करून राहणारा आणि वाळूजला कामाला जाणारा पोरगा घ्या. गल्लीतून चालत जालना रोडला यायचं, शेअर रिक्षात तिसऱ्या-चौथ्या सीटवर अंग चोरून बसायचं, क्रांती चौक, नगर नाका करत पंढरपूरला उतरायचं. (बाहेरगावच्यांसाठी: हे विठोबाचं नव्हे, वाळूजचं पंढरपूर.) तिथून कंपनीचं गेट आणखी आत, एमआयडीसीच्या कुठल्या तरी सेक्टरात. मेट्रो यातला मधला तुकडा उचलेल. अलीकडचा आणि पलीकडचा तुकडा तसाच राहिला, तर तो पोरगा पहिल्या बोनसमध्ये मोटारसायकल घेईल. रस्त्यावर गाडी आणखी एक, वर मेट्रोचे खांब.

मुंबईत दोन्ही नमुने बघायला मिळतात. घाटकोपरला लोकलमधून उतरलेला माणूस पुलावरून थेट मेट्रोत शिरतो, म्हणून तिथे पाय ठेवायला जागा नसते. गुंदवलीलाही एका मेट्रोतून दुसरीत जायला पादचारी पूल आहे. आणि मोनोरेल? 2014 मध्ये चेंबूर ते वडाळा धावली, 2019 मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. महालक्ष्मी स्टेशन तिथून जवळ, पण लोकलशी धड जोड नाही, गर्दीच्या मूळ वाटा सोडून मार्ग. डबे रिकामे राहिले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सुधारणेसाठी ती बंद ठेवावी लागली.

"रेल्वेचा शहराला उपयोग नाही" हे वाक्य मात्र सगळ्यात खटकलं. निजामाच्या काळात टाकलेला मनमाड–सिकंदराबाद मार्ग दौलताबादहून शहरात येतो आणि पुढे मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड करत जालन्याला जातो. शहरातून बाहेर पडताना तो जालना रोडला जवळपास समांतर आहे. शेंद्रा एमआयडीसी चिकलठाणा आणि करमाडच्या मध्येच येते. 30 डिसेंबर 2023 ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, म्हणजे विजेची तारही वर आहे. जागा आहे, रूळ आहेत, वीज आहे.

मग लोकलसारखी गाडी का नाही? लाईन एकेरी आहे म्हणून. या मार्गाने पॅसेंजरने गेलेल्या कुणालाही विचारा. गाडी करमाडला थांबते, लोक खाली उतरून पाय मोकळे करतात, कुणी तरी म्हणतं "क्रॉसिंग आहे", आणि समोरून एक्स्प्रेस धाडधाड निघून गेली की मग सिग्नल पडतो. अशा मार्गावर सकाळ-संध्याकाळ अर्ध्या-अर्ध्या तासाने गाडी सोडायला जागाच उरत नाही. परभणी ते मुदखेड दुहेरी झालंय. इकडे मनमाडजवळच्या अंकाईपासून संभाजीनगर आणि पुढे परभणीपर्यंतच्या दुहेरीकरणाला मंजुरी आहे. मेसेज फिरवायचाच तर या कामाच्या वेगाचा फिरवा.

वाळूजला रेल्वे जात नाही, हे मान्य. तिथे बसच लागणार. स्मार्ट सिटीची शहर बस 2019 पासून रस्त्यावर आहे, पण शंभरेक गाड्यांत आख्खं शहर कसं भागणार? 2011 च्या जनगणनेतच इथली लोकसंख्या पावणेबारा लाख होती. शिफ्ट सुटायच्या वेळा धरून वाळूजला बस वाढवायला आठ वर्षं लागत नाहीत.

राहिला "मराठवाड्याला ठेंगा." यावर वाद नाही. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वे 1995 मध्ये मंजूर झाली आणि बीडला पहिली गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. तीस वर्षं! पण म्हणूनच, पुण्याकडे आहे ते आम्हालाही द्या एवढीच मागणी केली तर एखादं भूमिपूजन पदरात पडेल आणि निवडणूक निघून जाईल. दुहेरीकरणाचे नकाशे हातात आहेत तोवरच मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि करमाडला लांब फलाट, दोन्ही बाजूंना जिने आणि बाहेर शहर बस वळायला जागा, एवढं त्यात घालून घ्यायला हवं. नंतर हेच मागायला गेलो तर पुन्हा नवा प्रस्ताव, नवी मंजुरी आणि नवी फाईल.